लांब पल्ल्याच्या वाटेसाठी एकट्याचा हलका तंबू

मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत कॅलिफोर्निया, ओरेगन आणि वॉशिंग्टन या तीन राज्यांतून जाणारी पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल ही पायवाट सुमारे ४,२६५ किलोमीटर लांब असून ती एकाच मोसमात पूर्ण करणाऱ्यांना साधारण पाच महिने लागतात. या पाच महिन्यांत तंबू रोज संध्याकाळी उभा करावा लागतो, रोज सकाळी, पुष्कळदा ओल्या अवस्थेतच, गुंडाळावा लागतो आणि दिवसभर पाठीवर वाहावा लागतो. म्हणून एकट्याने चालणाऱ्याच्या सामानात तंबूइतका विचार क्वचितच दुसऱ्या वस्तूचा होतो, आणि बहुतेक वेळा हा विचार ग्रॅमपाशी सुरू होऊन ग्रॅमपाशीच संपतो. मी वॉशिंग्टन राज्यात राहते आणि या वाटेचा कॅस्केड पर्वतरांगेतला भाग सुट्ट्या मिळतील तसा तुकड्यातुकड्यांनी चालते. या ओल्या डोंगरांत चालून माझे मत असे झाले आहे की वजनाचा आकडा सर्वांत शेवटी पाहावा आणि तो कशामुळे कमी झाला आहे हे आधी पाहावे, कारण काही ग्रॅम खरोखर फुकट वाचलेले असतात, तर काही ग्रॅमची किंमत मध्यरात्री भिजलेल्या स्लीपिंग बॅगने चुकती करावी लागते.

कमीत कमी सामानात लांब चालण्याची कल्पना जुनी आहे. ओहायोच्या एमा गेटवुड १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, अमेरिकेच्या पूर्वेकडील अ‍ॅपलाचियन ट्रेल एकट्याने पूर्ण चालल्या, तेव्हा त्यांच्या खांद्यावरच्या घरी शिवलेल्या झोळीत तंबू नव्हताच. पावसासाठी त्यांनी न्हाणीघरात लावतात तसा प्लास्टिकचा पडदा घेतला होता. त्या वाटेवर ठिकठिकाणी तीन भिंतींचे लाकडी निवारे असल्याने हे थोडेफार शक्य होते. पश्चिमेकडील वाटांवर असे निवारे जवळजवळ नाहीत. तेथे १९९० च्या दशकात लांब वाटा चालणारे रे जार्डिन यांनी स्वतः शिवलेल्या साध्या ताडपत्रीखाली झोपण्याचा आग्रह धरला, आणि पुढे हेन्री शायर्स यांनी १९९९ मध्ये पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल चालताना ताडपत्री, जाळी आणि तळ एकत्र शिवलेला तंबू वापरला, त्याचा आराखडा सर्वांना फुकट दिला आणि नंतर त्यातूनच टारपटेंट ही कंपनी उभी राहिली. आज एकट्यासाठी मिळणाऱ्या बहुतेक हलक्या तंबूंचे मूळ या घरगुती शिवणकामात आहे, आणि मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण हे तंबू चालणाऱ्यांनी आपल्या गरजेतून घडवले आहेत.

नेहमीच्या एकट्याच्या तंबूचे वजन दीड ते दोन किलो असते. त्यातील अ‍ॅल्युमिनियमच्या वाकणाऱ्या दांड्या काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी चालताना हातात असलेले ट्रेकिंग पोल उभे केले की तीनशे-चारशे ग्रॅम एका झटक्यात कमी होतात. जो माणूस एरवीही पोल घेऊन चालतो त्याच्यासाठी ही बचत पूर्णपणे फुकटची आहे, शिवाय ट्रेकिंग पोल हा तंबूच्या बारीक दांडीपेक्षा बराच जाड आणि मजबूत असल्याने वाऱ्यात तो अधिक भरवशाचा ठरतो. मात्र पोल कार्बनचे असण्यापेक्षा अ‍ॅल्युमिनियमचे असावेत असे मी आवर्जून सांगेन. अ‍ॅल्युमिनियमचा पोल दगडात अडकला तर वाकतो आणि बहुधा सरळ करता येतो. कार्बनचा पोल तुटतो, आणि पोल तुटला की त्या रात्रीचे छप्परही गेले. तंबू उभा ठेवून संध्याकाळी जवळचे एखादे शिखर पाहून यायचे असेल, तर पोल तंबूत गुंतलेले असतात, ही या रचनेची आणखी एक मर्यादा आहे.

दुसरी मोठी बचत एक पदर काढून टाकल्याने होते आणि ती मात्र फुकट नाही. दुपदरी तंबूत बाहेर पाणी अडवणारे कापड असते आणि आत जाळीचा किंवा पातळ कापडाचा वेगळा पदर असतो. एकपदरी तंबूत जलरोधक कापड एवढीच काय ती भिंत. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभर वाफ बाहेर पडत असते, आणि निरभ्र रात्री पातळ कापड आपली उष्णता आकाशाकडे टाकून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होत असल्याने ती वाफ कापडाच्या आतल्या बाजूला दव होऊन बसते. या त्रासावर सगळीकडे एकच उपाय सांगितला जातो, तो म्हणजे दार उघडे ठेवून हवा खेळती ठेवणे. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडातील कोरड्या रात्री हा उपाय उत्तम लागू पडतो. परंतु वॉशिंग्टनच्या कॅस्केडमध्ये स्नोक्वाल्मी खिंडीपासून स्टीव्हन्स खिंडीपर्यंतच्या सुमारे ११५ किलोमीटरच्या टप्प्यात सप्टेंबरचा पाऊस सुरू झाला की बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असते, मग ती कितीही खेळती ठेवली तरी दव कमी होण्याचे कारण उरत नाही. अशा वेळी प्रश्न एवढाच राहतो की त्या ओल्या कापडाला तुमची स्लीपिंग बॅग टेकते की मध्ये एखादा पदर आहे. पिसांची बॅग भिजली की तिची ऊब जाते, आणि तीन दिवस ऊन पडले नाही तर ती वाळत नाही. याच कारणासाठी कॅस्केडमध्ये मी आतल्या पदराचे अडीचशे-तीनशे ग्रॅम आनंदाने वाहते.

या आतल्या पदरातही निवड असते. नुसत्या जाळीचा पदर हलका असतो आणि त्यातून आकाश दिसते, पण जोराचा पाऊस बाहेरच्या कापडावर आपटला की आत साचलेले दव तुषार होऊन जाळीतून खाली येते. अर्ध्या उंचीपर्यंत कापड आणि वर जाळी असा पदर थोडा जड असला तरी हे तुषार बऱ्याच प्रमाणात अडवतो, थंड वारा तोडतो आणि दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी भागात उडणारी बारीक रेतीही तोंडावर येऊ देत नाही.

कापडाच्या बाबतीत सध्या तीन पर्याय प्रचलित आहेत. सिलिकॉन चढवलेले नायलॉन मजबूत असते, पण ते पाणी शोषते आणि ओले झाले की सैल पडते, त्यामुळे पावसात मध्येच उठून ताणदोऱ्या पुन्हा ओढाव्या लागतात. पॉलिस्टर त्याच वजनात थोडे कमी मजबूत असते, मात्र ते भिजून सैल पडत नाही, आणि संध्याकाळी ताठ उभा केलेला तंबू सकाळी तसाच सापडतो. तिसरे डायनीमा कॉम्पोझिट, म्हणजे अत्यंत बळकट पॉलिइथिलीनचे तंतू पॉलिस्टरच्या दोन पातळ पापुद्र्यांमध्ये दाबून केलेले, अर्धपारदर्शक आणि कागदासारखे वाजणारे कापड. त्याच्या आधीच्या रूपाचा जन्म शर्यतीच्या जहाजांच्या शिडांसाठी झाला. ते पाणी शोषत नाही, ताणत नाही, आणि फाटले तर त्याच कापडाची चिकटपट्टी लावून वाटेतच पक्के दुरुस्त करता येते. दोष असे की ते महाग आहे, वारंवार दुमडल्याने त्याच्या पापुद्र्याला हळूहळू बारीक छिद्रे पडतात, आणि पॉलिइथिलीन कमी तापमानाला वितळत असल्याने शेकोटीची ठिणगी किंवा स्टोव्हची आच त्याला सोसत नाही.

प्रत्यक्ष तंबूंचे उदाहरण घ्यायचे तर झेडपॅक्स या कंपनीचा प्लेक्स सोलो हा डायनीमाचा एकपदरी तंबू सुमारे ४०० ग्रॅमचा आहे, तर डर्स्टन या कंपनीचा एक्स-मिड १ हा पॉलिस्टरचा दुपदरी तंबू सुमारे ८०० ग्रॅमचा आहे. पहिल्याची किंमत दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक आहे. येथे डायनीमाच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पॉलिस्टरच्या तंबूचे हे वजन कोरड्या तंबूचे असते आणि रात्रभराच्या पावसानंतर कितीही झटकले तरी तो एक किलोच्या आसपास जातो. डायनीमाचा तंबू मात्र झटकला की बराचसा कोरडा होतो, म्हणजे पावसाळी दिवशी दोघांतील अंतर छापील आकड्यांपेक्षा वाढलेले असते. हे मान्य करूनही मी दुपदरीच निवडते, कारण पाठीवरचा अर्धा किलो मला दिवसा जाणवतो आणि तो मी सोसू शकते, पण रात्री न मिळालेली झोप दुसऱ्या दिवशीच्या प्रत्येक चढावर वसूल होते.

छापील आकड्यांविषयी आणखी एक सावधगिरी बाळगावी. जाहिरातीतल्या वजनात खुंट्या, जादा ताणदोऱ्या आणि पिशवी बहुधा धरलेल्या नसतात. आठ चांगल्या खुंट्यांचेच शंभर ग्रॅम होतात, आणि ज्या तंबूचा तळ अगदी पातळ आहे त्याच्याखाली अंथरायला वेगळे प्लास्टिकही लागते.

तंबूची लांबी हा दुर्लक्षित राहणारा विषय आहे. वजन कमी करण्याचा सर्वांत सोपा आणि माझ्या मते सर्वांत वाईट मार्ग म्हणजे तंबू आखूड करणे. तळाची लांबी २२० सेंटिमीटर लिहिलेली असली तरी तिच्यावर विसंबून राहता येत नाही, कारण आपण जमिनीवर झोपत नाही, हवेच्या गादीवर झोपतो, आणि तिच्यावर स्लीपिंग बॅगची पायाकडची बाजू धरली तर आपली खरी गरज जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंचीवर असते. दोन्ही टोकांच्या भिंती ४५ अंशांत उतरत असतील तर त्या उंचीवर प्रत्येक टोकाचे ३० सेंटिमीटर जातात आणि उरतात फक्त १६०. उंच माणसाचे पाय आणि डोके अशा तंबूत ओल्या कापडाला टेकणारच. म्हणून भिंतींचा उतार तळाच्या लांबीइतकाच बारकाईने पाहावा. कॅनडाच्या डॅन डर्स्टन यांनी २०१८ मध्ये आणलेल्या एक्स-मिडच्या रचनेचे मला कौतुक वाटते ते यासाठी की बाहेरचा पदर साधा आयताकृती ठेवून झोपण्याची जागा त्यात कर्णाच्या दिशेने तिरपी बसवली आहे. त्यामुळे दोन पोल झोपणाऱ्याच्या मध्ये येत नाहीत, दोन्ही बाजूंना दार आणि सामान ठेवण्यापुरता आडोसा मिळतो, आणि चार कोपऱ्यांना चार खुंट्या ठोकून आयत आखला की पोल उभे करणे तेवढे उरते. काळोखात, पावसात आणि गारठलेल्या बोटांनी तंबू लावताना हा सोपेपणा फार मोलाचा असतो.

जागेची निवड हीसुद्धा तंबूइतकीच महत्त्वाची आहे. थंड हवा खाली वाहते आणि दरीच्या तळाशी, कुरणात आणि तळ्याकाठी साचते, म्हणून नेमक्या याच सुंदर जागी दव सर्वांत अधिक पडते. थोड्या उंचीवर, झाडांच्या छायेखाली तंबू लावला तर वरच्या फांद्या आकाशाकडे जाणारी उष्णता अडवतात आणि कापड फार थंड होत नाही. पाण्यापासून साठ मीटर दूर राहावे हा इथल्या रानातला शिष्टाचार पाण्याच्या आणि प्राण्यांच्या भल्यासाठी आहे, पण तो पाळणाऱ्याचा तंबूही कोरडा राहतो.

पुण्यातील माझे ट्रेकचे जुने सोबती असा तंबू सह्याद्रीत चालेल का असे विचारतात. सह्याद्रीत मुक्काम बहुधा गुहेत, देवळात किंवा पायथ्याच्या गावात कोणाच्या तरी ओसरीवर होतो, त्यामुळे तंबूची गरज मुळात कमी आहे. जेथे ती आहे तेथे अडचण कातळाची आहे. पोलवर उभा राहणारा तंबू खुंट्यांच्या ताणावरच उभा असतो आणि हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या जागी बेसाल्टच्या खडकात खुंटी शिरत नाही. अशा ठिकाणी ताणदोरीच्या फासात खुंटी किंवा काठी आडवी घालून ती जमिनीवर ठेवावी आणि तिच्या पुढे, तंबूच्या बाजूला, दोरीवर मोठा दगड ठेवावा, म्हणजे दोरीला ताण बसला की काठी दगडाला अडते. यासाठी कोपऱ्यांना हातभर जादा दोरी बांधून ठेवावी, आणि दगडाची धार दोरीवर येणार नाही हे पाहावे. कड्यावरचा पावसाळी वारा मात्र या तंबूंच्या आवाक्याबाहेरचा आहे, आणि तेथे त्या दिवसांत तो लावू नये असेच मी त्यांना सांगते.

कोकणात किंवा मुंबईत तंबू ठेवायचा असेल तर कापडाच्या आतल्या बाजूचा जलरोधक लेप कोणता आहे हे विकत घेतानाच पाहावे. पॉलियुरेथेनचा लेप दमट उष्णतेत हळूहळू कुजतो, चिकट होतो आणि त्याला आंबूस वास येऊ लागतो. दोन्ही बाजूंना सिलिकॉन असलेल्या कापडाला हा रोग होत नाही, पण त्यावर शिवणी झाकणारी चिकटपट्टी बसत नसल्याने त्याच्या शिवणी बहुधा आपल्यालाच बंद कराव्या लागतात. त्यासाठी सिलिकॉन सीलंट मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून तंबू ताठ उभा असताना प्रत्येक शिवणीवर ब्रशने लावावे, आढ्याच्या आणि ताणदोऱ्यांच्या टाक्यांवर दोन हात द्यावेत, आणि पूर्ण दिवसभर सावलीत वाळू द्यावे. तंबू परत आल्यावर घरात पंख्याखाली पसरून शिवणींसकट कोरडा करावा आणि त्याच्या घट्ट पिशवीत न कोंबता मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवावा.