पोटरीला ट्यूब बांधून काय होतं?
आमच्या परभणीत पोलीस भरतीची पोरं १६०० मीटर मारायच्या आधी सायकलची जुनी ट्यूब उभी कापून घोट्याला, पोटरीला आवळायलेत, फ्लॉस बँडचा (सांध्याभोवती आवळून गुंडाळायच्या रबरी पट्टीचा) गावठी अवतारच, आणि खरं सांगू का, घोटा मोकळा होतो त्यानं. खालून वर अर्ध्यावर अर्धा पट्टा येईल असं गुंडाळायचं, दोनेक मिनिटं उठबशा काढायच्या, लगेच सोडायचं. चामडीवर लाल वळ उमटतात, रक्त भसकन परत येतं अन् उकिडवं बसलं की टाच टेकते. पण हे तेवढ्यापुरतंच! उडी, वेग, ताकद यात फरक लई बारीक, अभ्यासांचे निकालबी उलटसुलट. मुंग्या आल्या, बोटं निळी पडली की तिथंच सोडा. रक्ताच्या गुठळीचा त्रास असणाऱ्यानं तर नादीच लागू नये. वॉर्मअप टाळून नुसती ट्यूब बांधून पळणारे बी हायेत, त्यांना काय बोलावं.