तीन इंचांची भानगड

माझ्या पोह्यांच्या गाडीची खिडकी उंच होती, एवढंच खरं तर कारण. जुना छोटा ट्रक घेतला, मागे पत्र्याची बॉडी बांधली, आत शेगडी आणि ओटा बसवला. आतल्या, पायाखालच्या फळीची उंची जमिनीपासून ३२ इंच आणि फळीपासून ओटा ३४ इंच. म्हणजे बाहेर उभ्या गिऱ्हाइकाला प्लेट साडेपाच फुटांवर. सकाळी नागपुरात हिंगणा टी-पॉइंटजवळ उभा राहतो, एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या बायका बऱ्याच येतात. त्यांना तर्रीची गरम प्लेट डोक्याच्या उंचीवरून उतरवून घ्यावी लागायची. दोघींच्या हातावर तर्री सांडली, तेव्हा मी ठरवलं, गाडी खाली घ्यायची.

कमानवाल्याने अर्ध्या दिवसात काम केलं. कमान म्हणजे गाडीचं वजन पेलणारी, एकावर एक पोलादी पाट्यांची स्प्रिंग. पुढच्या कमानीतले दोन-दोन पाटे काढले, उरलेल्यांचा बाक ठोकून कमी केला, मागेही तसंच. साडेचार हजार घेतले. गाडी तीन इंच खाली आली, मागे थोडी कमी. दिसायला झकास! लेकराने फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मानेवाड्याहून निघालो. रिंग रोड सगळा सिमेंटचा, आणि सिमेंटच्या दोन स्लॅबमध्ये जोड असतो, कुठे कुठे एक स्लॅब दुसऱ्यापेक्षा बोटभर वर. आधी त्या जोडावरून गाडी नुसती 'धप्प' करायची. आता धप्प झालं की गाडी बाजूला सरकायची. स्टेअरिंग मी सरळ धरलंय, हात हललेला नाही, आणि गाडी हातभर डावीकडे. पुढच्या जोडावर पुन्हा तेच. ओंकार नगरपासून छत्रपती चौकापर्यंत मी गाडी चालवत नव्हतो, तिची मनधरणी करत होतो. त्यात स्टेअरिंगचं चाकही वाकडं झालेलं. गाडी सरळ जाताना आडवी दांडी घड्याळातल्या 'दहा वाजून वीस मिनिटां'सारखी तिरपी. ब्रेक जोरात मारला की डावीकडे ओढ. आणि वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ यायचं, ते येईना. ओढून आणावं लागायचं. टी-पॉइंटला पोचलो तेव्हा तर्रीच्या गंजाचं, म्हणजे पातेल्याचं, झाकण उडालेलं, आणि फळीवर लाल तेलाचा तलाव.

इथून पुढे मी जे केलं ते बहुतेक जण करतात, म्हणून सांगतो. अ‍ॅलाइनमेंटला गेलो. मशीनवर चाकं लावली, पोराने सांगितलं टो, म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकमेकांकडे किती वळलेली ते माप, बिघडलाय, दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉड फिरवून टो जुळवला, सहाशे रुपये. गाडी तशीच. आठवड्याने दुसऱ्याकडे गेलो, त्यानेही टो जुळवला, पुन्हा सहाशे. या वेळी मी स्टेअरिंग वाकडं असल्याचं सांगितलं तर त्याने मधला नट काढला, चाक उपटलं, सरळ करून परत बसवलं. पाच मिनिटांचं काम. मला बरं वाटलं. नंतर कळलं, सगळ्यात मोठी चूक तीच होती.

तिसऱ्या ठिकाणी एकाने पाहिलं आणि म्हणाला, ड्रॉप आर्म गॅसवर लाल करून वाकवून देतो, दोन इंच खाली, सगळं जुळून जाईल. ड्रॉप आर्म म्हणजे स्टेअरिंग बॉक्सच्या खाली लोंबणारा तो लोखंडी हात, जो पुढची दांडी ढकलतो. मी जवळजवळ हो म्हणालो होतो. पण तेवढ्यात त्याचा गॅस सिलिंडर संपला. हे मी गंमत म्हणून सांगत नाही, खरंच संपला. म्हणाला, उद्या या.

त्या रात्री ओळखीचा एक ड्रायव्हर भेटला, तो म्हणाला, वाडीला जा, तिथे अमरावती रोडच्या आतल्या बाजूला एक म्हातारे मिस्त्री आहेत, तीस-चाळीस वर्षं फक्त दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याचं, म्हणजे पुढच्या अ‍ॅक्सलचं काम करतात. नागपुरात ट्रान्सपोर्टचं काही अडलं की वाट वाडीलाच जाते.

मिस्त्री काकांनी गाडीला हातच लावला नाही आधी. खाली वाकले, बॅटरी मारली, आणि विचारलं, "किती खाली घेतली?"

"तीन इंच."

"कायले?"

मी खिडकीचं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे पाय बाबू. चाकं जमिनीवर हायेत, अ‍ॅक्सल चाकाईवर हाय. ते काही खाली आलं नाही. खाली आली ते चेसिस, गाडीचा सांगाडा. अन् स्टेअरिंगचा बॉक्स चेसिसवर हाय. आता मले सांग, त्या दांडीचं एक टोक खाली आलं अन् एक जागच्या जागीच राह्यलं, तं दांडीचं काय होईन?"

दांडी तिरपी होईल. होतीच. मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली: ड्रॅग लिंक, ड्रॉप आर्मपासून उजव्या चाकाच्या आर्मपर्यंत जाणारी. आधी ती जमिनीला जवळपास समांतर असायची. आता चाकाकडचं टोक वर, बॉक्सकडचं खाली.

मग त्यांनी जे करून दाखवलं ते दोन्ही अ‍ॅलाइनमेंटवाल्यांच्या मशीनने दाखवलं नव्हतं. पुढच्या दोन्ही चाकांखाली दोन-दोन पत्रे घातले, मधे ग्रीस, म्हणजे चाक जागच्या जागी सहज फिरावं. स्टेअरिंग सुतळीने सीटला घट्ट बांधलं. उजव्या चाकाला चार फुटांची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आडवी बांधली, पुढे काढून, आणि तिच्या टोकाखाली ओळंबा सोडून जमिनीवर खडूची खूण केली. मग चेसिसला जॅक लावून गाडी दोन इंच उचलली. चाकं पत्र्यावरच होती. ओळंबा खुणेपासून सव्वा इंच सरकला. जॅक सोडला, परत आला. पुन्हा उचलला, पुन्हा सव्वा इंच.

स्टेअरिंग बांधलेलं आणि चाक फिरतंय. सिमेंटच्या जोडावर रोज हेच होत होतं, फक्त तिथे मला जॅक दिसत नव्हता.

दांडी आडवी असताना अ‍ॅक्सल थोडा वर-खाली झाला तर दांडीची आडवी पोच जवळपास तेवढीच राहते. तिरपी झाली की तोच वर-खालीपणा दांडी पुढे-मागे ढकलण्यात जातो, आणि पुढे-मागे ढकलणं म्हणजेच स्टेअरिंग फिरवणं. कंपनी गाडी बनवताना कमानीवर अ‍ॅक्सल ज्या कमानदार रेषेत हलतो ती रेषा आणि दांडीचं टोक ज्या रेषेत फिरतं ती रेषा, दोन्ही शक्य तितक्या जुळवून ठेवते. मी तीन इंच काढून घेतले तेव्हा ती जुळणी मोडली. आणि टो? आमच्या गाडीचा अ‍ॅक्सल सलग एकच. दोन्ही चाकं टाय रॉडने एकमेकांना बांधलेली. खड्ड्यात दोन्ही मिळून एकाच बाजूला वळतात, आपसातलं अंतर बदलत नाही. म्हणून टो कितीदाही जुळवा, हा रोग तिथे नाहीच. बाराशे रुपये त्या धड्याची फी.

ब्रेकचं कारण वेगळं निघालं. ब्रेक लागला की अ‍ॅक्सल स्वतःभोवती थोडा पिळतो, वरची बाजू पुढे झुकते. पाटे जास्त असले तर कमान तो पीळ रोखते. दोन पाटे कमी, म्हणजे पीळ जास्त, आणि दांडी चाकाच्या आर्मला धरून ठेवते, तर चाक डावीकडे वळतं. शिवाय चेसिसखालचा, धक्का झेलणारा रबरी बंपर आणि अ‍ॅक्सलमध्ये जागा दोन बोटंच उरली होती. भरल्या गाडीत कमान बंपरवर आदळायची, ते झाकण उडायचं त्याचं कारण.

आणि ते सरळ करून बसवलेलं स्टेअरिंग? काकांनी ड्रॅग लिंक सोडवली. बॉक्स एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला, फेऱ्या मोजल्या, बरोबर अर्ध्यावर आणून थांबवला. चाकं सरळ केली. मग लिंकचं टोक आर्मच्या भोकात बसवायला गेले तर बसेना, अर्ध्या बोटाचं अंतर. "बॉक्सची मधली जागा सगळ्यात घट्ट असते," ते म्हणाले, "तिथं प्ले नसते. तुही गाडी सरळ जाते तवा बॉक्स मधात नसतेच, बाजूले असते, ढिल्या जागी. चाक उपटून सरळ केलं म्हणजे घड्याळाचा काटा हातानं सरकवला. टाइम थोडीच बदलला?" म्हणूनच त्या दिवसानंतर गाडी सरळ रस्त्यावर जास्तच भटकायला लागली होती.

मी त्या गॅसवाल्याचं सांगितलं. काकांनी हातातला पाना खाली ठेवला. ड्रॉप आर्म घडाईचा असतो, पाणी देऊन कडक केलेला. लाल केला की त्याचं पाणी जातं. वरून वाकलेला दिसेल, पण कधी, कुठल्या चौकात तुटेल सांगता येत नाही. आणि तो तुटला की स्टेअरिंग हातात राहतं, चाकं त्यांच्या मनाची. त्यांच्या मते दोनच रस्ते: खाली केलेल्या उंचीसाठी बनवलेला दुसरा आर्म, नाही तर गाडी परत वर. माझ्या गाडीसाठी तसा आर्म मिळत नव्हता. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला आपल्या मनाने करता येत नाही, हे मला माहीत होतं, बॉडीच्या मंजुरीच्या वेळी आरटीओत दोन चकरा मारून झाल्याच होत्या. पण कमानी म्हणजे काय मोठा बदल, असं स्वतःला समजावलं होतं. उद्या अपघात झाला असता तर विम्यावाल्याने पहिला फोटो त्याच कमानीचा काढला असता.

तर परत वर. काढलेले पाटे कमानवाल्याने भंगारात टाकले नव्हते, ते नशीब. बाक पुन्हा ठोकून घेतला, सेंटर बोल्ट नवे, कमान अ‍ॅक्सलला आवळणारे यू-बोल्टही नवे, कारण एकदा ताणून कसलेले यू-बोल्ट काका परत वापरत नाहीत. मागचीही कमान मूळ उंचीला. किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्या उभ्या खिळीवर वळतं ती, सोडवल्या तर त्यात वाळलेला ग्रीस मेणासारखा. साफ करून नवा भरला. गाडी उभी राहिली तेव्हा पुढून अर्धा इंच अजून कमी होती, म्हातारे पाटे, पूर्ण बाक काही आला नाही.

बॉक्स मधोमध, चाकं सरळ, लिंक आपल्या भोकात आपोआप बसली. काका खूश झाल्याचं मी तेव्हाच एकदा पाहिलं. स्टेअरिंगचं चाक आता त्याच्या खऱ्या जागी सरळ बसवलं.

तरीही वळण घेतल्यावर स्टेअरिंग परत येत नव्हतं, आधीपेक्षा बरं, पण आळशी. ते कॅस्टरचं काम. किंगपिनचं वरचं टोक थोडं मागे झुकलेलं असतं, सायकलच्या पुढच्या चिमट्यासारखं, त्यामुळे चाक स्वतःहून सरळ व्हायला बघतं. गाडीचं नाक खाली गेलं की तो झुकाव कमी होतो. हिशोब सोपा आहे: पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असेल आणि नाक मागच्यापेक्षा ५ सेंटिमीटर जास्त खाली गेलं, तर एक अंशापेक्षा थोडा जास्त झुकाव हातातून गेला. मोजला तर आमचा अर्धाच अंश उरला होता. काकांनी खरादवाल्याकडून दोन अंशांच्या लोखंडी पाचरी करून आणल्या आणि कमान अन् अ‍ॅक्सलच्या मधे टाकल्या, जाड बाजू मागे. इथे लोक उलटं बसवतात म्हणे; कमान अ‍ॅक्सलच्या वर असली तर जाड बाजू मागेच हवी, तरच किंगपिनचं डोकं मागे जातं. मग सगळ्यात शेवटी टो, पुस्तकातल्या मापाने. आधी सुरुवात तिथून केली होती मी.

पुन्हा सुतळी, पट्टी, ओळंबा. जॅकने दोन इंच उचललं. खुणेपासून ओळंबा एवढासा हलला, जेमतेम खडूच्या रेघेची जाडी.

हिशोब विचाराल तर वर न्यायचे, पाचरी, यू-बोल्ट, मजुरी मिळून अकरा हजार आठशे. खाली आणायचे साडेचार हजार आणि अ‍ॅलाइनमेंटचे बाराशे वेगळे. दोन पुढचे टायर कडेने खाल्ले गेले होते, ते अजून चालवतोय.

खिडकीचं काय झालं? घरी परत आलो, सगळं सांगितलं. बायको ऐकत होती, शेवटी म्हणाली, "अहो, पण मग गाडी कशाला खाली घेतली? बाहेरून एक फळी लावायची ना खिडकीच्या खाली." वेल्डिंगवाल्याने खिडकीखाली चौदा इंचांवर दुमडती फळी लावून दिली, दोन साखळ्या, दोन बिजागऱ्या. आता मी आतून वाकून प्लेट फळीवर ठेवतो, गिऱ्हाईक छातीच्या उंचीवरून उचलतं. मी वाकतो, ते त्यांना दिसतं, एक-दोघींनी तर 'थँक्यू दादा' म्हटलं. चौदा इंच मिळाले, तीनसाठी मी गाडीची कंबर मोडली होती.

काकांनी सांगितलं होतं, तीनशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट कसायला ये, नवे बोल्ट बसतात थोडे. गेलो. त्यांनी लांब पाना लावला, एकेक नट पाहिला. सात नट जागचे हलले नाहीत, उजव्या बाजूचा मागचा एक पाव फेरा फिरला. पैसे विचारले तर म्हणाले, उद्या पोहे घेऊन ये, तर्री अलग डब्यात.