काकांनी माणूस निवडला तो दिवस

घरी पेशंटची देखभाल करायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोला फोन केला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, "बारा तास की चोवीस?" मग, "बाई पाहिजे की माणूस?" आणि, "पेशंट पूर्ण बेडवर आहे का?" एवढ्यावर दर ठरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी पिशवी घेऊन दारात उभं राहतं. आजार कोणता, हे विचारणारे ब्युरो मला फार क्वचित भेटले. मांडीचं हाड मोडलं असेल तर त्याने फारसं अडत नाही, कारण तिथे गरज दर महिन्याला थोडी कमी होत जाते. काही आजारांत मात्र ती दर महिन्याला वाढते. आज घास भरवायला माणूस हवा असतो, दिवाळीपर्यंत रात्री कफ काढायला लागतो, आणि संक्रांतीला नेमका तोच माणूस "हे माझ्याच्यानं होणार नाही" म्हणून निघून जातो.

मी सांगली-मिरज भागात घरोघरी जाऊन काम करणारी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजारामुळे अवघड झालेली रोजची कामं कशी करायची ते शिकवणारी. पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरॉसिस, अटॅक्सिया, एएलएस अशा मज्जासंस्थेच्या, वाढत जाणाऱ्या आजारांचे पेशंट माझ्याकडे जास्त. अशा घरात मदतनीस निवडायचा तो आजची गरज बघून नव्हे, सहा महिन्यांनंतरची बघून, आणि निवडायचा पेशंटनेच, असं मी प्रत्येक घरी सांगते. हे सगळ्यात चांगलं करून दाखवलं ते ज्यांना एक शब्दही बोलता येत नव्हता अशा माणसाने.

काका मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. वय अठ्ठावन्न. आधी जीभ जड झाली, मग उजव्या हातातून पेन निसटायला लागलं. एएलएसचं निदान व्हायला बराच काळ गेला, कारण सुरुवातीला सगळे मानेच्या मणक्यावरच बोट ठेवत होते. एएलएसमध्ये मेंदू आणि मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी एकेक करून मरत जातात. स्पर्श कळतो, ऐकू येतं, बहुतेकांची बुद्धी शाबूत राहते, आणि डोळे इतर स्नायूंपेक्षा खूप उशिरापर्यंत हलतात. लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण दोन ते पाच वर्षं मिळतात, काहींना जास्त. प्रत्येक घरात कुणीतरी स्टीफन हॉकिंग यांचं नाव काढतं. १९६३ मध्ये निदान आणि २०१८ मध्ये मृत्यू, हे खरंच आहे. पण १९८५ मध्ये त्यांच्या गळ्याला छिद्र पाडावं लागलं आणि तेव्हापासून त्यांच्याभोवती चोवीस तास परिचारिका होत्या, हे कुणी सांगत नाही. आपल्याकडे ते चोवीस तास काकूंच्या अंगावर पडलेले असतात.

या काकू रात्री तासाभरापेक्षा जास्त सलग झोपल्या नव्हत्या. कूस बदलायची, तोंडात साचलेली लाळ पुसायची, मान सरळ करायची. पुण्याला नोकरी करणारा मुलगा शनिवारी आला आणि त्याने दोन ब्युरो, मशीन भाड्याने देणारा दुकानदार आणि एक फिजिओथेरपिस्ट असे सगळे त्याच दिवशी बोलावून घेतले. जुलै महिना होता, बाहेर पावसाची रिपरिप. कोयना धरणातून किती विसर्ग सोडला, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आलं, याचे मेसेज घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर येत होते. सांगलीच्या गावभाग वस्तीतलं घर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा याच घराच्या माडीवरून त्यांना बोटीत उतरवलं होतं. तेव्हा काका धडधाकट होते.

बैठक बाहेरच्या खोलीत ठरली होती. मी म्हटलं, खुर्च्या आत काकांच्या कॉटपाशी घ्या.

"मॅडम, ह्यांना बोलायला येतंय का? उगं त्रास कशाला," काकू म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात माया होती, पण मला ते मान्य नव्हतं.

काकांना बोलता येत होतं, फक्त आवाजाने नव्हे. आम्ही एक फळा केला होता. क पासून प पर्यंत पाच वर्गांच्या पाच ओळी, सहावी य-र-ल-व पासून ळ पर्यंत, सातवी काना-मात्रांची. शेजारी रोजचे शब्द सलग लिहिलेले: कफ, कूस, मान, पंखा, डास. समोरच्याने ओळी मोठ्याने म्हणायच्या, हवी ती आली की काका नजर वर करतात. मग त्या ओळीतली अक्षरं, पुन्हा तसंच. एका वाक्याला पाच-सात मिनिटं लागतात. इतकी मिनिटं थांबायची कुणाची तयारी आहे, हे त्या दिवशी आम्हाला बघायचं होतं. काकांनी आदल्या आठवड्यात मला फळ्यावरून सांगितलं होतं, "हळकुंड मोडून बघतात." यार्डात वरून पिवळंधमक दिसणारं हळकुंड मोडलं की आतला खरा रंग कळतो. माणूस तसा बघायचा, असं त्यांचं म्हणणं.

आधी आला तो मोठ्या ब्युरोचा मालक. सोबत दणकट अंगाचा गडी, हॉस्पिटलात वॉर्डबॉय म्हणून दहा वर्षांचा अनुभव. मालक मुलाशी बोलत राहिला, काकांकडे त्याने पाहिलंच नाही. "आमच्याकडचे पेशंट उठून चालायला लागतात साहेब." ताकद दाखवायला म्हणून त्या गड्याने काकांच्या दोन्ही बगलांत हात घातले आणि त्यांना वर ओढलं. मी ओरडून थांबवलं. खांद्याभोवतीचे स्नायू गेलेले असतात, सांधा नुसत्या अस्थिबंधांवर लटकत असतो. बगलेतून ओढलं की तो निसटतो, आणि त्यानंतरची दुखणी झोपू देत नाहीत. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तरीही मी त्या गड्याच्या हातात फळा दिला. काकांचा प्रश्न 'पा'पाशी आला आणि तो म्हणाला, "पाणी!" नजर वर गेली नाही. "पाय? पाय दुखतोय?" मग त्याने फळा काकूंकडे सरकवला. "वहिनी, तुम्हीच सांगा काय म्हणतायत." काकांना 'पाळी बदलताना कोण असतं' असं विचारायचं होतं. चोवीस तासांच्या कामात नेमकं ते खिंडार असतं, कारण एक माणूस गेलेला असतो आणि दुसरा आलेला नसतो.

दुकानदाराचं काम लवकर आटोपलं. डॉक्टरांनी रात्रीसाठी बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला आधार देणारं मशीन, लिहून दिलं होतं. तो म्हणाला, "श्वासाचाच त्रास ना? ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घ्या, भाडं कमी पडेल." हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे की इथे थोडं सविस्तर लिहिते. या आजारात फुप्फुसं बहुधा चांगली असतात, छाती हलवणारे स्नायू थकलेले असतात. श्वास उथळ होतो, हवेची ये-जा पुरेशी होत नाही आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. सकाळी डोकं दुखणं, दिवसा पेंग येणं, आडवं झोपता न येणं ही त्याची लक्षणं. अशा माणसाला नुसता ऑक्सिजन लावला तर बोटावरचं ऑक्सिजन मोजणारं यंत्र अठ्ठ्याण्णव दाखवतं, घरचे निर्धास्त होतात, आणि साठलेला वायू वाढतच राहतो. बायपॅप हवा आत ढकलतं, स्नायूंचं काम वाटून घेतं. त्यामुळे मशीन देणाऱ्याला एवढा फरक कळत नसेल तर दुकान कितीही जवळ असो, उपयोग नाही. काकांनी मिरजेचा दुसरा दुकानदार पसंत केला. त्याने फोनवर आपणहून विचारलं होतं की लाईट गेल्यावर मशीन किती वेळ चाललं पाहिजे, आणि मास्क तीन मापांचे घेऊन येतो असं सांगितलं होतं.

फिजिओथेरपिस्ट तरुण होता. "स्ट्रेंथनिंग सुरू करू, महिन्यात फरक दिसेल" म्हणाला. मुलाच्या चेहऱ्यावर आशा आली ती मला बघवली नाही. थकलेल्या स्नायूंना दमेपर्यंत व्यायाम दिला तर दुसऱ्या दिवशी घास चावायची ताकदही उरत नाही. मी त्याच्याशी बाजूला बसून बोलले. सांधे आखडू न देणं, खांदे सांभाळणं, कफ बाहेर काढायला हाताने आधार देणं आणि हे सगळं घरच्यांना शिकवणं, एवढंच काम आहे आणि ते मोठं आहे. त्याने ऐकून घेतलं, वहीत लिहून घेतलं. काकांनी त्याला होकार दिला.

दुपारी कुपवाडहून दुसऱ्या ब्युरोच्या बाई आल्या. स्वतः एएनएम (सहायक परिचारिका), आधी दवाखान्यात नोकरी, आता दहा-बारा माणसं कामाला लावतात. सोबत जत तालुक्यातला एक पोरगा. बाई चप्पल काढून थेट कॉटपाशी गेल्या, खुर्ची ओढून काकांच्या नजरेच्या टप्प्यात बसल्या. "काका, गिळायला काय काय जमतंय? पातळ चहानं ठसका लागतो का?" लागतो. पातळ पदार्थच आधी घशात चुकतात, म्हणून काकू नाचणीची पेज दाट करून देत होत्या. डॉक्टर पोटात नळी घालायचं सुचवत होते आणि ते लवकर करायला हवं होतं. श्वासाची ताकद फार उतरल्यावर ती प्रक्रिया धोक्याची होते. बाईंनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "नळीतून भरवायला याला येतं. बायपॅप यानं अजून हाताळलेलं नाही. तुम्ही शिकवणार असाल तर पाठवते, नाहीतर खोटं सांगून पाठवणार नाही."

मी पोराच्या हातात फळा दिला. सातवीपर्यंत शिकलेला. बोट ठेवून एकेक अक्षर म्हणायला लागला. मध्ये शब्द ओळखून टाकायची घाई त्याने केली नाही. अक्षर आलं की स्वतःच्या तळहातावर पेनाने लिहायचा. बराच वेळ लागला. मुलगा दोनदा उठून बाहेर जाऊन आला. शेवटी पोराने हातावरचं वाचलं, "मागचा पेशंट कसा गेला."

खोलीत कुणीच काही बोललं नाही. काकू पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या.

पोरगा बाईंकडे बघायला लागला. बाई म्हणाल्या, "त्यांना सांग, मला नाही."

"रात्री अडीचला गेले," तो काकांना म्हणाला. "लकवा होता त्यांना. कफ दाटला होता. मी मशीन लावलं, पण निघालाच नाही. मग त्यांच्या मुलाला हाक मारली. डॉक्टर येईपर्यंत त्यांना धरून बसलो होतो."

काकांनी पुन्हा फळा मागितला. पुन्हा तेच, ओळ, अक्षर, तळहात. "पळाला नाहीस."

"नाही," पोरगा म्हणाला.

काकांची नजर वर गेली.

मुलाने मला ओट्यावर बोलावून विचारलं की सरकारकडून यात काय मिळतं. त्याला जे आहे ते सांगितलं. चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून ठेवावं. प्राप्तिकराच्या जुन्या करपद्धतीत, वडील त्याच्यावर अवलंबून असल्याने, त्याला ७५,००० रुपयांची वजावट मिळेल, दिव्यांगत्व ऐंशी टक्के किंवा जास्त ठरलं तर १,२५,००० ची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या अडतिसाव्या कलमात जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी तरतूद आहे. पण त्या कलमातून रात्री कूस बदलायला माणूस आलेला मी माझ्या एकाही पेशंटच्या घरी पाहिलेला नाही. ज्या कामावर एका माणसाचा श्वास अवलंबून आहे, ते करणाऱ्याची परीक्षा कुणीच घेत नाही, ती त्या माणसालाच कॉटवरून घ्यावी लागते. मला याचा राग येतो आणि तो यायलाच हवा असं वाटतं.

संध्याकाळी कागद केला. काकांनी फळ्यावरून मुद्दे सांगितले, मुलाने लिहिले, बाईंनी सही केली. उचलताना बगलेत हात घालायचा नाही, कमरेला पट्टा बांधूनच उठवायचं. पाळी बदलताना आलेल्याने हात धुऊन कफ तपासल्याशिवाय गेलेल्याने उंबरा ओलांडायचा नाही. इन्व्हर्टर आणि कफ ओढून काढणारं, पायाने चालणारं सक्शन मशीन कॉटखाली कायम. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला आलं की त्याच दिवशी विश्रामबागेत बहिणीकडे हलवायचं, ४५ च्या धोका पातळीची वाट बघायची नाही. काकूंनी रात्री अकरा ते पाच दुसऱ्या खोलीत झोपायचं. हा मुद्दा आला तेव्हा काकू म्हणाल्या, "मला नाही झोप यायची." काकांनी नजर वर केली नाही. मुद्दा कागदावर राहिला.

शेवटी बाई म्हणाल्या, पोरगा आठवड्याचे सातही दिवस येईल, महिन्याचा हिशेब एकदमच करू. काकांना ते पटलं नाही. फळा पुन्हा समोर आला. दिवाणजीचा हिशेब होता तो: रविवार सुट्टी, पगारी, बदली माणूस ब्युरोचा, आणि तो बदली माणूस आधी दोन रात्री या पोरासोबत राहून फळा शिकून जाणार. बाईंनी आकडे मांडून बघितले, थोडी घासाघीस केली आणि मान्य केलं. पुढच्या वैशाखात पोराचं लग्न झालं तेव्हा त्याच्या जागी आलेल्या माणसाला 'पा'वरून पुढचा शब्द ओरडून सांगायची घाई नव्हती.