मामांच्या कॉम्प्युटरला कुठलं लिनक्स?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत मामांचं टॉवेलचं युनिट आहे. ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरला चार जीबी रॅम आणि फिरत्या तबकडीची हार्डडिस्क. त्यावरच्या विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्यावर चढत नाही, म्हणून लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकायचं ठरवलं. मामांची अट एकच: "सारखं सारखं बदलायला लावू नको बघ."

त्या अटीनेच निम्मी निवड झाली. लिनक्सचे बरेच प्रकार आहेत. त्यातल्या उबुंटूची दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, पण मधल्या आवृत्त्यांना सपोर्ट जेमतेम नऊ महिने. तेवढ्यात इथली एक लगीनसराई संपते! दर दोन वर्षांनी येणाऱ्या एलटीएसला, म्हणजे लांब सपोर्टच्या आवृत्तीला, मात्र पाच वर्षं अपडेट मिळतात. म्हणून उबुंटूच्या २४.०४ या एलटीएसवर बेतलेलं लिनक्स मिंट २२ घेतलं, त्याला २०२९ पर्यंत चिंता नाही.

मग मिंटचा डेस्कटॉप, म्हणजे समोर दिसणारा मेनू-खिडक्यांचा भाग, कुठला: सिनॅमन की एक्सएफसीई? सिनॅमन देखणं आहे, पण चार जीबीत ब्राउझरच्या दहा टॅब उघडल्या की हार्डडिस्क कुरकुरायला लागते. एक्सएफसीई दिसायला साधं, पण रॅम कमी खातं. डेबियन हे आणखी एक लिनक्सही मला आवडतं, फक्त मामांच्या गळ्यात नको.

इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे हार्डडिस्कला हात न लावता, चालवून प्रिंटर तपासला, कीबोर्डात मराठी जोडलं. मामांनी एका बोटाने 'चादर' टाइप केलं, प्रिंट काढली, कागद उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "टाक मग." हिशेबाच्या फायली आधीच दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून ठेवल्या होत्या. तेवढं तुम्हीही करा.