तुम्ही विचारलंत म्हणून: जाताना किल्ली ठेवून जा

मी लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी खुली संगणकप्रणाली, वापरतो हे कळलं की ओळखीपाळखीतले लोक हमखास विचारतात, "लिनक्सवर जी बंद सॉफ्टवेअरं चालतात त्यांनी आपला सोर्स कोड उघडा करायला नको का?" सोर्स कोड म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, जो वाचता आणि बदलता येतो. विचारणाऱ्याने माझं उत्तर मनात धरलेलं असतं: हा म्हणणार, सगळ्यांनी करावा, आजच करावा. मी तसं म्हणत नाही.

आधी एक गैरसमज. लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, जीपीएल या परवान्याच्या (प्रोग्रॅम वाटलात तर सोर्सही द्या, असं सांगणाऱ्या) दुसऱ्या आवृत्तीखाली आहे, म्हणून त्यावर चालणारी प्रत्येक गोष्ट उघडी असलीच पाहिजे, असं पुष्कळांना वाटतं. ते खरं नाही. कर्नलच्या परवान्यासोबतच एक टीप आहे: नेहमीच्या सिस्टिम कॉलमधून, म्हणजे ठरलेल्या विनंत्यांमधून, कर्नलची सेवा घेणारे प्रोग्रॅम या परवान्याच्या कक्षेत येत नाहीत. म्हणजे कायद्याने ते मोकळे आहेत. आणि चार माणसं रात्रंदिवस खपून एखादा प्रोग्रॅम लिहितात, त्याच्या विक्रीवर घर चालवतात, तर त्यांच्याकडे सोर्स मागायला माझी जीभ रेटत नाही.

माझी मागणी वेगळी आहे, आणि ती एका स्कॅनरने शिकवली.

आमच्या गावच्या ग्रंथालयात जुन्या दिवाळी अंकांचं कपाट आहे. पान उलटलं की कडा तुटून हातात येते, असे अंक. ते स्कॅन करायचं काम मी अंगावर घेतलं. स्कॅनर चांगला होता आणि कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हरही (स्कॅनर चालवणारा प्रोग्रॅम) दिला होता, पण नुसता बायनरी, म्हणजे सोर्सशिवाय, यंत्रालाच कळणाऱ्या रूपात, तोही जुन्या 32 बिटी पद्धतीचा. काही वर्षं तो चालला. पुढे संगणक अपग्रेड करावा लागला आणि त्या ड्रायव्हरला लागणाऱ्या जुन्या लायब्रऱ्या (प्रोग्रॅम ज्यांचा आधार घेतात असे तयार कोडचे संच) मिळेनात. कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की हे मॉडेल जुनं झालं, त्याचा सपोर्ट बंद आहे.

यंत्र धडधाकट होतं. काच स्वच्छ, दिवा लागतोय, मोटर फिरतेय. हातात सोर्स असता तर नव्या संगणकासाठी तो पुन्हा कंपाइल करून, म्हणजे यंत्राच्या भाषेत बदलून, पाहता आला असता, अडलं तिथे दुरुस्त करता आलं असता. त्या कंपनीला त्या कोडमधून एक पैसाही मिळायचा उरला नव्हता, तरी तो कुलपातच राहिला. आमचे अंक 1968 पर्यंत झाले होते, पुढचे तसेच पडून राहिले. त्या दिवसाचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: धंदा चालू आहे तोवर कोड उघडायचा की नाही, ही मालकाची मर्जी. पण ज्या दिवशी तुम्ही हात काढून घेता, त्या दिवशी किल्ली ठेवून जा. आणि हे वचन विकतानाच द्या.

हे भाबडं वाटतं का? क्यूटी घ्या. केडीई हा लिनक्सवरचा डेस्कटॉप ज्या लायब्ररीवर उभा आहे ती. 1998 मध्ये क्यूटी बनवणारी ट्रोलटेक कंपनी आणि केडीईच्या लोकांनी मिळून एक प्रतिष्ठान स्थापलं आणि करार केला की कंपनीने बारा महिन्यांत मुक्त आवृत्ती काढली नाही, तर क्यूटी बीएसडी पद्धतीच्या, म्हणजे फारशा अटी नसलेल्या, परवान्याखाली खुली करायचा हक्क प्रतिष्ठानाकडे जाईल. पुढे ट्रोलटेक नोकियाने घेतली, मग क्यूटी डिजियाकडे गेली. मालक बदलले, करार टिकला.

असं वचन आधी नसेल तर काय करावं लागतं ते ब्लेंडर या त्रिमितीय ॲनिमेशनच्या प्रोग्रॅमने दाखवलं. 2002 मध्ये ते बनवणारी नेदरलँड्समधली कंपनी बुडाली आणि कोडचे हक्क गुंतवणूकदारांकडे अडकले. ब्लेंडरचा जनक टॉन रोसेंडालने त्यांना एक लाख युरोला राजी केलं आणि वापरणाऱ्यांपुढे झोळी पसरली. सात आठवड्यांत पैसे जमले, आणि 13 ऑक्टोबर 2002 ला ब्लेंडर जीपीएलखाली खुलं झालं. 2025 चं ऑस्कर ज्या लाटवियन ॲनिमेशनपटाला मिळालं, तो ब्लेंडरमध्येच केलेला आहे. पण दर वेळी असा टॉन रोसेंडाल मिळत नाही, आणि एका जुन्या स्कॅनरसाठी तर जगभरातून वर्गणी जमणार नाहीच.

कंपन्यांची एक अडचण खरी आहे. कोडमध्ये दुसऱ्याची मालमत्ता मिसळलेली असते. 1997 च्या डिसेंबरमध्ये प्रोग्रॅमर जॉन कारमॅकने आपल्या डूम या खेळाचा सोर्स दिला तेव्हा डॉस या जुन्या प्रणालीवरच्या आवृत्तीत परक्याची ध्वनीची लायब्ररी होती, म्हणून त्याने लिनक्सची आवृत्ती दिली. उसना भाग पहिल्यापासून वेगळा ठेवला तर हे जमतं, पण तो विचार पहिल्या दिवशीच करायला हवा.

कर्नलच्या आत शिरणाऱ्या ड्रायव्हरबाबत मात्र मी शेवटच्या दिवसापर्यंत थांबायला तयार नाही. कर्नलच्या आतली रचना सतत बदलते. बंद मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) मागे पडतं. शिवाय ते लोड झालं की कर्नल स्वतःवर 'टेंटेड', म्हणजे डागाळलेला, असा शिक्का मारतो, आणि मग तुमची तक्रार कर्नलवाले बहुधा बाजूला ठेवतात. ग्राफिक्स कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने मे 2022 मध्ये आपली कर्नल मॉड्यूल्स खुली केली, याचा मला मनापासून आनंद झाला. पण ती 2018 च्या ट्युरिंग कार्डांपासून पुढच्यांसाठी आहेत. ज्यांच्याकडे त्याआधीचं कार्ड आहे, म्हणजे ज्यांना सोर्सची गरज सगळ्यात आधी पडणार, तेच बाहेर राहिले.

ग्रंथालयाने यंदा नवा स्कॅनर घ्यायचं ठरवलं. समितीच्या बैठकीला मी सेन प्रकल्पाची यादी छापून नेली. सेन म्हणजे लिनक्सवरची खुली स्कॅनर व्यवस्था. कोणतं यंत्र तिच्यात कितपत चालतं हे त्या यादीत लिहिलेलं असतं. चिटणीसांनी आधी किंमत विचारली. मी म्हटलं, आधी यादीत नाव बघू, मग किमतीचं बोलू. 1969 चे अंक टेबलावर काढून ठेवले आहेत.