डावाच पाय का?

पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंट समजून घेताना, ‘ऑल्टर्ड सेन्सोरियम’, म्हणजे शुद्धीत फरक, हे शब्द कानावर पडले नाहीत असा दिवस क्वचितच जातो. लालबाग-परळच्या चाळींतून आमच्या पालिकेच्या रुग्णालयात येणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांच्या केसपेपरवर तेवढंच लिहिलेलं असतं. सोबतचे नातेवाईक त्यात भर घालतात, “वय झालंय, सिस्टर.” या वाक्याचा मला राग येतो. वय एका रात्रीत होत नाही.

पावसाळ्यातली दुपारची ड्युटी होती. सात नंबरच्या बेडवर ७८ वर्षांचे एक आजोबा. पूर्वी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, १९८२च्या संपात नोकरी गेली ती गेलीच. काल रात्रीपासून असंबद्ध बोलतायत म्हणून आणलेले. कॅज्युअल्टीत सीटी स्कॅन झाला होता, मेंदूत रक्तस्राव नव्हता. शुगर १४८, ताप नाही, सलाईन चालू. सकाळच्या सिस्टर म्हणाल्या, “सारखे पाय खाली टाकतात. पडतील म्हणून वॉर्डबॉय मामांना हात बांधायला सांगितलंय.”

मी मामांना थांबवलं. बांधलेला गोंधळलेला माणूस जास्तच बिथरतो, हे वॉर्डात रोज दिसतं.

“बाबा, डोळे उघडा.” हाक मारल्यावर उघडले. “कुठे आहात?” “खात्यात. जॉबर आला का?” खातं गिरणीतलं, जॉबर तिथला मुकादम. हात वर करा म्हटलं, केला. म्हणजे डोळ्यांचे ३, बोलण्याचे ४, हालचालीचे ६, एकूण १३. ही ग्लासगो कोमा स्केल टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४मध्ये मांडली. शुद्ध किती हरपली आहे ते तिच्यावरून कळतं, का हरपली ते कळत नाही. शुगर उतरली तरी १३, लघवीत इन्फेक्शन झालं तरी १३, झटका आला तरी १३ असू शकतात. त्यामुळे आकडा लिहून पुढच्या बेडकडे जाणं मला कधीच जमलेलं नाही.

सूनबाई उशाशी उभ्या होत्या. “परवा कसे होते?” मी विचारलं. “परवा? एकदम व्यवस्थित. वाण्याचं बिल चुकलं होतं, तर त्यांनीच पकडलं.” दोन दिवसांपूर्वी हिशेबाची चूक काढणारा माणूस आज खात्यात जॉबर शोधतोय, हा काही विसराळूपणा नव्हे. “बाबा, रविवारपासून उलटे वार सांगा,” म्हटलं. “रविवार, शनिवार...” एवढं म्हणून नजर छताला लागली. थोड्या वेळाने नाव बरोबर सांगितलं, पुन्हा हरवले. अचानक सुरुवात, लक्ष न टिकणं, घडीत बरं घडीत वाईट, म्हणजे डिलिरियम. त्याच्यामागे शरीरात काहीतरी बिघडलेलं असतंच, ते शोधायचं.

बोलता बोलता त्यांनी पुन्हा पाय खाली टाकला. डावा. मी उचलून वर ठेवला, चेहरा वेडावाकडा झाला, पाय परत खाली. उजवा मात्र जागच्या जागी होता. पळून जायचं असतं तर माणसाने दोन्ही पाय टाकले असते.

चादर पूर्ण बाजूला केली. डाव्या पायाखाली कुणीतरी चांगल्या मनाने उशी ठेवली होती. शिरांमुळे पाय सुजला असेल तर उशी योग्यच. पण धमनीतून रक्तच उतरत नसेल तर पाय उंच ठेवल्याने उरलंसुरलंही अडतं. खाली सोडल्यावर थोडं बरं वाटतं. आजोबांना तोंडाने सांगता येत नव्हतं, ते पायाने सांगत होते.

मी दोन्ही हातांच्या मागच्या बाजू दोन्ही गुडघ्यांवर ठेवून एकाच वेळी खाली नेले. उजवा पाय घोट्यापर्यंत कोमट. डावा मधल्या पोटरीपर्यंत तसाच आणि तिथून पुढे एकदम गार. पाऊल पांढुरकं, अंगठा दाबून सोडला तर रंग परतायला फार वेळ. पावलाच्या पाठीवर नाडी नाही, घोट्यामागे नाही, जांघेत मात्र लागत होती. पोटरी दाबली तेव्हा कण्हले. बोटं जेमतेम हलवली. सर्जिकल वॉर्डातून हातातला डॉप्लर, रक्ताचा प्रवाह ऐकवणारं छोटं यंत्र, मागवला. उजव्या पायावर ठोके ऐकू आले, डाव्यावर नुसती खरखर. गारव्याची सीमा जिथे होती तिथे बॉलपेनने रेघ ओढली आणि वेळ लिहिली, म्हणजे पुढे गारवा वर सरकला तर कळेल.

मग पूर्ण मिनिटभर नाडी मोजली. मनगटावर ९६, स्टेथोस्कोपने छातीवर १२२, आणि एकाही ठोक्याचा दुसऱ्याशी मेळ नाही. हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरत राहिले की तिथे रक्त साकळतं. गुठळी सुटली की मेंदूत जाईल, आतड्यात जाईल, नाहीतर पायात.

सूनबाईंना विचारलं, पाय दुखतो म्हणाले होते का? “सकाळी अकराला ‘पाय गेला, पाय गेला’ म्हणून ओरडले. आम्हाला वाटलं, बरळतायत. गार होता म्हणून गरम पाण्याची पिशवी दिली.” मार्केटला जाताना पोटरी भरून येते म्हणून वाटेत थांबायचे, हेही आता आठवलं. घड्याळात साडेतीन वाजत होते. अशा पायातले स्नायू साधारण सहा तासांत कायमचे मरायला लागतात.

रेसिडेंट डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात अडकले होते. फोनवर ‘पेशंट बेचैन आहे’ म्हटलं असतं तर झोपेचं इंजेक्शन सांगितलं असतं. मी म्हटलं, “डावा पाय पोटरीपासून गार, पावलात नाडी नाही, डॉप्लरलाही नाही, ठोके अनियमित, अकरापासून.” ते धावतच आले. सर्जरीचे रजिस्ट्रार आले, गुठळी वाढू न देणारं हेपॅरिन सुरू झालं आणि त्याच संध्याकाळी जांघेतून फुग्याची नळी घालून गुठळी ओढून काढली. थॉमस फोगर्टी यांनी १९६३मध्ये जगापुढे आणलेली ही पद्धत जागेपुरती भूल देऊनही करता येते, म्हणून अशा वयातही झेपते.

सूनबाई रडायला लागल्या, पिशवीमुळे झालं का म्हणून. नाही, गुठळी पिशवीने होत नाही. पण रक्त नसलेल्या बधिर पायाला शेक लागला तर कातडी भाजते आणि पेशींची प्राणवायूची भूक वाढते. म्हणून पुढे कधीही शेक नको, चोळणं नको, एवढं मी त्यांना नीट सांगितलं.

पाय वाचला तरी डोकं लगेच ठिकाणावर आलं नाही. आणखी तीन रात्री त्यांची गिरणी चालूच होती. घरून चष्मा आणायला लावला, दिवसा खिडकीजवळचा बेड दिला, रात्री विनाकारण उठवायचं नाही असं ठरवलं. दर तासाला नाडी, पोटरीचा कडकपणा आणि लघवीचा रंग पाहत होतो, कारण रक्त परतल्यावर मेलेल्या स्नायूंतलं विष किडनीवर जातं. चौथ्या दिवशी त्यांनी उलटे वार न अडखळता सांगितले.

घरी जाताना रक्त पातळ ठेवण्याची गोळी होती. सूनबाईंनी आयएनआरच्या, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते पाहणाऱ्या तपासणीच्या तारखा कालनिर्णयवर लिहायच्या ठरवल्या आणि पावलावरची नाडी शोधायला माझ्याकडून शिकून घेतली. डाव्या पायाची करंगळी मात्र काळी पडली होती. ती पुढे काढावी लागली.