रांगेतला दीड तास वसूल

सकाळी दीड तास रांगेत उभं राहून फ्रेंच दिग्दर्शिका ज्युस्तीन त्रिएचा ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल’ पाहिला. २०२३ च्या कान महोत्सवातला सर्वोच्च पुरस्कार मिळवणारा. अडीच तास कोर्टकचेरी, आणि तरी नवरा पडला की बायकोने ढकललं, हे दिग्दर्शिकाबाई शेवटपर्यंत सांगत नाहीत!

नवरा-बायकोच्या भांडणाचं रेकॉर्डिंग कोर्टात वाजतं. आपल्याला त्यांचं स्वयंपाकघर दिसत असतं. हाणामारी सुरू होते आणि दृश्य गायब, नुसते आवाज. अंगावर काटा आला.

नायिका जर्मन. फ्रेंच अपुरी पडली की इंग्रजीवर येते. आपला संसार परक्या भाषेत अनोळखी लोकांना समजावायचा, बापरे. शेजारच्या काकू कुजबुजल्या, “हिनेच केलंय.” मला नाही वाटत.

कुत्र्याचं काम कमाल. दुपारच्या दुसऱ्या फ्रेंच सिनेमाला मात्र झोपलो, खरं सांगतो.